‘फ्लोरेंटीन’ : शीर्षकपृष्ठावर नसलेले नाव

जर्मनीतील झाले नदीकाठचे येना हे गाव अठराव्या शतकाच्या अखेरीस अवघ्या चार-पाच हजार वस्तीचे होते. विद्यापीठ मात्र १५५८ पासूनचे, आणि शिलर व फिश्टे यांच्यासारखे अध्यापक त्याला लाभलेले. १७९९ च्या हिवाळ्याच्या तोंडावर या गावातील एका घरात तरुण लेखकांचा मेळा जमला. ३२ वर्षांचे प्राध्यापक आउगुस्ट विल्हेल्म श्लेगेल शेक्सपिअरची नाटके जर्मन भाषेत आणीत होते. त्यांचा २७ वर्षांचा धाकटा भाऊ फ्रीडरिश याने थोरल्यासह ‘आथेनेउम’ हे नियतकालिक आदल्याच वर्षी सुरू केले होते. कवी नोव्हालिस, कथाकार टीक आणि २४ वर्षांचा तत्त्वज्ञ शेलिंग यांची तेथे ऊठबस असे. एकत्र बसून विचार करावा, एकत्र लिहावे, मैत्री हीच कार्यशाळा व्हावी, अशी या मंडळींची उमेद होती. त्या उमेदीची किंमत कोणी मोजली, हा प्रश्न आम्ही येथे एका विस्मृत कादंबरीच्या आधारे विचारू इच्छितो.

‘फ्लोरेंटीन’ १८०१ साली प्रसिद्ध झाली. शीर्षकपृष्ठावर संपादक म्हणून फ्रीडरिश श्लेगेलचे नाव होते. लेखकाचे नाव नव्हते. लिहिणारी होती डोरोथिया, ज्यू तत्त्वज्ञ मोझेस मेंडेल्सझोन यांची थोरली कन्या. १७८३ साली बँकव्यवसायातील झिमोन फाइट यांच्याशी तिचा विवाह झाला. १७९७ मध्ये बर्लिनला तिची फ्रीडरिशशी गाठ पडली आणि १७९९ च्या आरंभी तिने घटस्फोट घेतला. धाकटा मुलगा फिलिप तिच्याजवळ राहील, पण तिने पुनर्विवाह करता कामा नये, अशी अट होती. मुलगा हातचा जाऊ नये म्हणून ती फ्रीडरिशबरोबर विवाहाविना राहिली, आणि येनाला आली तेव्हा सहा वर्षांचा फिलिप तिच्याबरोबर होता. आमच्या वाचकांना या घरची रीत रुचणार नाही, हे आम्ही जाणतो. तिचे समर्थन करण्याचा आमचा हेतू नाही. पण एखाद्या आईने कोणत्या पेचात लेखणी उचलली हे ठाऊक असल्याखेरीज या पुस्तकाची पाने नीट वाचता येत नाहीत.

त्याच १७९९ साली फ्रीडरिशची ‘लुसिंडे’ ही कादंबरी आली होती. प्रेम हाच धर्म, असा तिचा घोष. नायिका चित्रकार आहे खरी, पण तिच्या चित्रांपेक्षा नायकाच्या भावनांचेच वर्णन अधिक. ती बोलते थोडे, तिच्याविषयी बोलले जाते फार. वाचकांनी लुसिंडेमध्ये डोरोथियाला ओळखले आणि तिची बदनामी झाली. प्रियकराच्या पुस्तकातील पात्र होणे तिच्या वाट्याला आले. ‘फ्लोरेंटीन’ हे आम्हांला त्यावरचे उत्तर वाटते, आणि विशेष हे की त्यात कडवटपणाचा लवलेश नाही.

कथा साधी आहे. फ्लोरेंटीन हा भटका तरुण चित्रकार अमेरिकेला निघाला आहे. वाटेत रानात तो एका सरदाराचा जीव वाचवतो आणि त्याच्या गढीत पाहुणा होतो. सरदाराची मुलगी जुलियाना हिचे लग्न एडुआर्डशी ठरलेले आहे. या तिघांची मैत्री हा कादंबरीचा प्राण. जुलियाना मुलाचा वेष करून दोघांबरोबर रानात शिकारीला जाते, वादळ गाठते आणि तिघे एका गिरणीत आसरा घेतात, तो भाग आम्हांला सर्वांत सरस वाटला. घरची वस्त्रे उतरवली की सरदारकन्येला मोकळे वाटते. पाऊस कोसळू लागला की तिला स्वतःची भीती कळते. एडुआर्डची असूया आणि फ्लोरेंटीनचे स्वतःला आवरणे लेखिकेने लहानसहान हालचालींतून दाखवले आहे. कोणीही प्रेमावर व्याख्यान देत नाही.

दोष नाहीत असे नाही. नायकाने सांगितलेली पूर्वकथा लांबते, शेवटाकडे कथानकाचे धागे सैल पडतात. जुलियानाची आत्या क्लेमेंटिना, संगीतात रमणारी आणि आजाऱ्यांची सेवा करणारी, ही मोठ्या ताकदीची व्यक्तिरेखा. पण ती पुढे येते तोवर पुस्तक संपत आलेले असते. लग्न लागते आणि फ्लोरेंटीन कोणाला न सांगता निघून जातो. दुसरा भाग लिहिला जाणार होता. तो कधी आलाच नाही.

त्याच पूर्वकथेत बालपणी फ्लोरेंटीनला मठात घालण्याचा घाट घातला जातो आणि धर्मगुरू-शिक्षकाचा जाच त्याला सोसावा लागतो. पुढे १८०८ साली कलोन येथे फ्रीडरिशसह कॅथलिक धर्मसभेत प्रवेश करणाऱ्या स्त्रीने हे लिहिले आहे. ही पाने झाकून तिचे कौतुक करू नये. जबरदस्तीच्या धर्मशिक्षणाविषयीची तिची चीड आणि नंतरचा तिचा विश्वास, दोन्ही खरी होती असेच आम्ही मानतो.

मग तिने नाव का दिले नाही? बदनामीची धास्ती असेलच. पण तिच्या पत्रांवरून दिसते की आपल्या लेखनाने घरखर्च चालावा आणि फ्रीडरिशला निवांतपणे मोठे काम करता यावे, एवढीच तिची अपेक्षा होती. मादाम द स्ताल यांच्या ‘कोरीन’चा तिने केलेला अनुवादही फ्रीडरिशच्याच नावावर निघाला. शेजारच्या खोलीतही हेच घडत होते. शेक्सपिअरच्या अनुवादाला थोरल्या श्लेगेलची पत्नी कॅरोलिन हिचा मोठा हातभार लागला. हस्तलिखितांत तिचे अक्षर आहे, छापील पुस्तकावर नाव नाही. मैत्रीची कार्यशाळा म्हणायची ती हीच.

कार्यशाळा टिकलीही नाही. १८०० मध्ये ‘आथेनेउम’ बंद पडले. त्याच उन्हाळ्यात कॅरोलिनची १५ वर्षांची मुलगी आउगुस्टे वारली. पुढच्या मार्चमध्ये नोव्हालिस क्षयाने गेला. कॅरोलिनने १८०३ मध्ये घटस्फोट घेऊन शेलिंगशी लग्न केले. दोघे भाऊ पुढे संस्कृतकडे वळले आणि थोरल्याने १८२३ साली भगवद्गीता लॅटिन अनुवादासह छापली, म्हणून आपल्याकडील अभ्यासकांना ते नाव परिचित आहे. डोरोथियाचा विवाह १८०४ साली पॅरिसमध्ये झाला. फिलिप मोठा होऊन रोमला गेला आणि तेथील जर्मन धार्मिक चित्रकारांच्या मंडळात त्याने नाव मिळवले. १८३९ साली फ्रँकफुर्ट येथे डोरोथियाचे निधन झाले. ‘फ्लोरेंटीन’ आज तिच्या नावानेच छापली जाते.