पिएरोच्या दुःखाची कैफियत

व्हेनिसच्या महोत्सवात २०१९ साली सुवर्णसिंहाचा मान मिळवणाऱ्या ‘जोकर’ या चित्रपटात विदूषकाचा धंदा करणाऱ्या नायकाचे अनावर हसू हा मज्जाविकार आहे असे सांगणारे कार्ड तो बसमधील बाईच्या हाती देतो, आणि पुढे वेड्यांच्या इस्पितळाच्या दप्तरातून आईची जुनी फाइल हिसकावून जिन्यात वाचतो, तेव्हा त्याच्या बालपणीच्या छळाचाही उलगडा होतो. वाकीन फीनिक्सच्या अभिनयाची थोरवी मला मान्य आहे. परंतु ज्या विदूषकाचे दुःख निष्कारण असण्यातच त्याचे सारे सौंदर्य साठलेले होते, त्याला असा साक्षीपुरावा गोळा करावयास लावणे हा त्या परंपरेवरील घोर अन्याय होय.

या परंपरेचा मूळपुरुष म्हणजे पांढऱ्या वेषातला विदूषक पिएरो. लूव्हरमधला, चित्रकार वातोने रंगवलेला पिएरो आठवावा. १७१८-१९च्या सुमाराचे हे चित्र जवळजवळ पुरुषभर उंचीचे आहे. बाह्या कोपरांशी चुरगळलेल्या, विजार आखूड, बुटांवर फिती, दोन्ही हात निरुपयोगी वस्तूंसारखे खाली सोडलेले, अशा थाटात तो समोर नुसता उभा आहे. मागे सखल जागी त्याचे सोबती आपल्याच गडबडीत आहेत, आणि त्यांतल्या डॉक्टर नावाच्या पात्राच्या गाढवाचा एक डोळा मात्र थेट आपल्याकडे रोखलेला आहे. पिएरोला कोणी टाकले, कोणी फसवले, याचा मागमूसही चित्रकाराने ठेवलेला नाही. प्रयोग संपला की सुरू व्हावयाचा आहे, हेदेखील कळत नाही. आणि त्या अनिश्चिततेतूनच, डोळ्यांत अश्रूचा थेंबही नसताना, पाहणाऱ्याच्या मनात विषाद दाटून येतो.

हेच मर्म पॅरिसच्या फ्युनांब्यूल थिएटरात पिएरोची भूमिका करणाऱ्या नट देब्युरोने ओळखले. सरकारने त्या थिएटरला संवादनाट्याचा परवाना दिलेला नव्हता, म्हणून तेथे मूकाभिनय चाले. त्याने गळ्याची झालर काढून टाकली, टोपाऐवजी काळी घट्ट टोपी घातली, आणि पांढरा चेहरा निराधार उघडा केला. त्याचा पिएरो खादाड होता, चोर होता, प्रसंगी निर्दयही होता. हळवेपणाचे अश्रू पुढे मूकनट पॉल लेग्राँने आणले, आणि ऱ्हासाची सुरुवात मी तेथूनच मानतो. लिओनकावालोच्या १८९२च्या ‘पाग्लियाची’ या ऑपेरातील विदूषक कानिओ हा केवळ तोंडाला पीठ फासलेला मत्सरी नवरा होय. चित्रकार बर्नार ब्युफेचे विदूषक दिवाणखान्यांच्या भिंतींसाठीच जन्मले. १९१२ साली संगीतकार शोनबर्गने मात्र एकवीस कवितांत पिएरोला बोलण्याच्या आणि गाण्याच्या सीमेवर लटकत ठेवले आणि त्याची जन्मकथा विचारली नाही, याबद्दल त्याचे ऋण मानावे तेवढे थोडेच.

यावर असा आक्षेप घेतला जाईल की, दारिद्र्य आणि मनोविकार यांची दखल कलेने घेऊच नये काय? अवश्य घ्यावी! कारकून, गिरणीकामगार, लढाईवरून परतलेला शिपाई, यांपैकी कोणालाही नायक करावे, त्याची कैफियत सविस्तर मांडावी, आणि त्याचा चेहरा स्वच्छ धुतलेला असू द्यावा. परंतु विदूषकाच्या चेहऱ्यावरचा पांढरा रंग हा व्यक्तीचा इतिहास पुसण्यासाठीच लावला जातो. तो लावून पुन्हा त्याखालचा इतिहास खरवडून काढावयाचा, आणि त्या खरवडण्यालाच सखोलता म्हणावयाचे, हा व्यवहार मला कदापि मान्य नाही. ज्यांना दुःखाचे कारण सांगितल्यावाचून राहवत नाही, त्यांनी पिएरोवरील आपला हक्क सोडून द्यावा.