'भाऊबंदकी'तील गादीचा प्रश्न

यंदाच्या सुट्टीत रेडीस असता, यशवंतगडाच्या पायथ्याशी गावच्या हौशी मंडळींनी केलेला कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या 'भाऊबंदकी'चा प्रयोग पाहण्याचा योग आला. नट नवखे होते. तथापि रामशास्त्री राघोबादादांस देहान्त प्रायश्चित्त सांगतात, तेव्हा सारे पटांगण स्तब्ध झाले. 1909 सालच्या नाटकाचे हे सामर्थ्य कोण नाकारील?

परंतु आमची तक्रार नावापासूनच सुरू होते. आमच्या कोकणात भाऊबंदकी म्हणजे माडापोफळींच्या हिश्शाचा तंटा. प्रेक्षकांनी नाटकही त्याच अर्थाने घेतले, आणि सारे पाप आनंदीबाईंच्या माथी मारून ते घरी गेले. वस्तुतः 30 ऑगस्ट 1773 रोजी शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणराव पेशव्यांस मारले, तेव्हा घरच्या कलहाहून मोठा प्रश्न उभा राहिला: धनी मारला गेला असता धनीपण कोणाकडे जाते? अमेरिकेत 1865 मध्ये अध्यक्ष लिंकन यांचा खून झाला. त्यांचा प्राण गेल्यावर काही तासांतच उपाध्यक्ष जॉन्सन यांनी शपथ घेतली. पुढे जॉन्सन यांचे काँग्रेसशी वाकडे आले, 1868 च्या महाभियोगातून ते अवघ्या एका मताने वाचले. पण खुर्ची कोणाची, हा वाद निघाला नाही. पुण्यास असा लेखी नियम नव्हता. साताऱ्याची वस्त्रे प्रथम राघोबादादांस मिळाली. पुढे 1774 मध्ये तीच वस्त्रे अवघ्या चाळीस दिवसांच्या सवाई माधवरावांसही मिळाली! मधल्या काळात सखारामबापू, नाना फडणीस आदी बारभाईंनी गरोदर गंगाबाईंस पुरंदरावर नेऊन त्यांच्या नावे कारभार चालविला. मुलगी झाली असती तर? ह्या एका शंकेत केवढे नाट्य आहे! ते महिने त्या कारभाऱ्यांनी कसे काढले असतील!

नाटकाचा सारा जोर शास्त्रीबुवांच्या निःस्पृहतेवर पडल्यामुळे ही मसलत प्रेक्षकाच्या मनात ठसत नाही. खुनाचा फायदा खुन्यांच्या पक्षास मिळू द्यावयाचा नाही, हे शास्त्रीबुवांनी उच्चारले. घडवून आणले ते बारभाईंनी. आणि तेही अर्धेच. दादा जिवंत राहिले, 1775 मध्ये सुरतेस त्यांनी इंग्रजांशी तह केला, आणि 1782 च्या सालबाईच्या तहानंतरही साष्टी इंग्रजांकडेच राहिली.