पडद्यासमोरचे मूल आणि मुलाजवळचे माणूस : बालवाडीतील आंतरक्रियात्मक संकेतस्थळे व ऑनलाइन चित्रफितींची चिकित्सा (बावडा परिसराच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना :

एकविसावे शतक हे माहिती-तंत्रज्ञानाचे शतक आहे, हे विधान शैक्षणिक लेखनात इतके रुळले आहे की, कोणत्या वयाच्या विद्यार्थ्यासाठी त्याचा नेमका अर्थ काय, हे विचारण्याची गरज सहसा कुणाला भासत नाही. महाविद्यालयीन विद्यार्थ्यासाठी संकेतस्थळ हे संदर्भाचे साधन असते. त्याला वाचता येते, शोधता येते, नको ते बाजूला सारता येते. तीन ते सहा वर्षे वयाच्या बालकाला यांपैकी काहीच येत नाही. असे असूनही मार्च २०२० मध्ये शाळा आणि अंगणवाड्या बंद झाल्यानंतर पदवी वर्गापासून बालवाडीपर्यंत सर्वांसाठी 'ऑनलाइन शिक्षण' हा एकच शब्द वापरला गेला. महामारी ओसरली, शाळा उघडल्या, परंतु चित्रफीत दाखवण्याची सवय बालवाडीत आणि घरात राहिली. प्रस्तुत लेखात या सवयीची चिकित्सा इंदापूर तालुक्यातील बावडा व त्याभोवतालचा परिसर नजरेसमोर ठेवून केली आहे. बालशिक्षणाच्या चित्रफितीचा खरा प्रेक्षक बालकाजवळ बसलेले माणूस हा असतो, आणि ते माणूस गृहीत धरले की साधन निरुपयोगी ठरते, असे प्रतिपादन येथे करावयाचे आहे.

अंगणात गेलेली शाळा :

मुलाच्या दारापर्यंत शिक्षण नेण्याची कल्पना महाराष्ट्राला भ्रमणध्वनीने दिलेली नाही. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ तेथेच त्यांना येऊन मिळाल्या आणि पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. पाड्यावरची मुले बालवाडीपर्यंत येत नाहीत असे दिसल्यावर ताराबाईंनी बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात नेली. 'अंगणवाडी' या शब्दाचा उगम या प्रयोगात आहे. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी त्यांनी कुरणशाळा चालवली. माँटेसरी पद्धतीची महागडी साधने परवडणारी नव्हती, म्हणून शंख-शिंपले, बिया, खडे, पाने यांपासून साधने तयार झाली. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना देशातील ३३ प्रकल्पांत सुरू झाली, तेव्हा 'अंगणवाडी' हा शब्द शासनव्यवहारात रूढ झाला.

या इतिहासाची उजळणी येथे मुद्दाम केली आहे. आज चित्रफितीच्या बाजूने केला जाणारा युक्तिवाद नेमका ताराबाईंच्या भाषेतला असतो : शिक्षण घरोघरी पोहोचते, खर्च कमी येतो, मुलाला कुठे जावे लागत नाही. फरक एवढाच, आणि तो लहान नाही, की कोसबाडच्या प्रयोगात अंगणात एक बाई जात असे. मूल काय करते ते ती पाहत असे आणि त्यानुसार पुढची गोष्ट बदलत असे. चित्रफीत अंगणात पोहोचते, परंतु मुलाकडे पाहत नाही.

'आंतरक्रियात्मक' या शब्दाविषयी :

संकेतस्थळांच्या बाबतीत हा आक्षेप लागू होत नाही, असे कुणी म्हणेल. ती आंतरक्रियात्मक असतात. मुलाने बोट लावले की चित्र हलते, उत्तर बरोबर आले की टाळ्या वाजतात. अमेरिकेतील 'स्टारफॉल' हे संकेतस्थळ २००२ पासून बालकांना इंग्रजी वाचन शिकवत आहे. 'खान अकॅडमी किड्स' हे उपयोजन २०१८ मध्ये आले. त्यांच्या मागे अभ्यास आहे, हे मान्य केलेच पाहिजे. तथापि येथे आंतरक्रियेचा अर्थ 'आधी ठरवलेल्या दोन-तीन उत्तरांपैकी एकावर टिचकी' एवढाच राहतो. बालवाडीतील आंतरक्रिया वेगळी असते. शिक्षिकेने सहा चिंचोके मांडून 'किती?' असे विचारले असता मूल 'आजीकडं लई हायती' असे उत्तर देते. संकेतस्थळाच्या दृष्टीने ते उत्तर चूक किंवा नोंदच न होणारे आहे. जाणत्या शिक्षिकेच्या दृष्टीने 'लई' आणि 'थोडे' ही संख्याकल्पनेची पहिली पायरी आहे आणि धडा तेथूनच सुरू होतो.

संशोधनाचा कौलही याच बाजूचा आहे. पॅट्रिशिया कूल आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात नऊ महिन्यांच्या अमेरिकन बालकांना मँडरिन चिनी भाषा ऐकवली. समोर बसून खेळणाऱ्या, बोलणाऱ्या व्यक्तीकडून ऐकणाऱ्या बालकांना त्या भाषेतील ध्वनिभेद ओळखता येऊ लागले. तीच व्यक्ती पडद्यावर पाहणाऱ्यांना ते जमले नाही. वय लहान असल्याने हा निष्कर्ष बालवाडीला जसाच्या तसा लावता येणार नाही, परंतु अँडरसन आणि पेंपेक यांनी २००५ मध्ये अगदी लहान मुलांबाबत मांडलेली 'चित्रफीत-तूट' ही संकल्पना त्याच दिशेने बोट दाखवते. समोरच्या माणसाकडून जे चटकन शिकले जाते, ते पडद्यावरून शिकायला मूल अधिक वेळ घेते. वय वाढते तशी ही तूट कमी होते.

पडद्याने काहीच साध्य होत नाही, असा याचा अर्थ नाही. 'सेसमी स्ट्रीट' या मालिकेने १९६९ पासून, आणि भारतात 'गली गली सिम सिम'ने २००६ पासून, अक्षर-अंकांची ओळख मनोरंजक केली. मूळ मालिकेच्या निर्मात्यांनी मोठ्यांना हसू येईल असे विनोद आणि मोठ्यांच्या ओळखीचे कलावंत त्यात हेतुपुरस्सर आणले. मोठी माणसे मुलांबरोबर पाहायला बसावीत, असा त्यामागील हिशेब होता. आज महाजालावरील बालगीतांच्या चित्रफिती पाहिल्या तर उलट हिशेब दिसतो. मोठ्या माणसाने उठून कामाला लागावे आणि मूल जागचे हलू नये, यासाठी एक गीत संपण्याआधीच दुसरे सुरू होते.

मराठीची बाजू :

बावड्यासारख्या गावात अंगणवाडी आणि खाजगी इंग्रजी शाळांचे 'केजी' असे दोन प्रवाह शेजारी शेजारी चालतात. 'केजी'साठी महाजालावर अमाप सामग्री आहे. चेन्नईत २०१३ मध्ये सुरू झालेल्या 'चुचू टीव्ही'सारख्या वाहिन्यांची इंग्रजी बालगीते गावोगाव पोहोचली आहेत. मराठीत चित्रफिती पुष्कळ आहेत, मात्र बालवाडीसाठी खऱ्या अर्थाने आंतरक्रियात्मक म्हणता येईल अशी संकेतस्थळे फारच थोडी. 'प्रथम बुक्स'ने २०१५ मध्ये सुरू केलेले 'स्टोरीवीव्हर' हा सुखद अपवाद. तेथे मराठी चित्रकथा विनामूल्य वाचता येतात. पण मोठ्याने वाचून दाखवायला तेथेही कुणीतरी लागतेच.

मराठी चित्रफितींचा गुणात्मक विचार केला तर निराशा वाढते. बहुसंख्य चित्रफिती वर्णमालेच्या क्रमाने जातात. ज्या 'ण'ने मराठीत शब्द सुरू होत नाही, त्यालाही 'बाण' शोधून रांगेत उभे केले जाते, आणि अननस हे फळ इंदापूरच्या मुलाने कधी पाहिले आहे काय, याची चौकशी कुणी करत नाही. ऊस, डाळिंब, पेरू, कणीस ही त्याच्या हाताशी असलेली नावे आहेत. पावसाला निघून जायला सांगणारे एक इंग्रजी बालगीत या भागातील 'केजी'त साभिनय शिकवले जाते. पैशाचे आमिष दाखवून पावसाला बोलावणारे बालगीत ज्या भाषेत आहे, तिच्या अवर्षणप्रवण तालुक्यात हे घडते, ही गोष्ट गमतीची म्हणून सोडून देण्यासारखी नाही. भाषेबरोबर मुलाचे हवामानही बदलून टाकले जात आहे.

हाताचा प्रश्न वेगळाच आहे. काचेवर एका बोटाने 'ग' गिरवता येतो, पण पेन्सिल धरण्यासाठी तीन बोटांची ताकद लागते. ती मण्यांच्या माळा, मातीचे गोळे, धान्य निवडणे, वाळूत रेघा ओढणे यांतून येते. कोणत्याही चित्रफितीला हे काम करता येत नाही. फार तर ते सुचवता येते.

परितेवाडीचा धडा :

इंदापूर तालुक्याला लागून असलेल्या माढा तालुक्यातील परितेवाडी येथील जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० चा 'ग्लोबल टीचर' पुरस्कार मिळाला. पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड छापून त्यामागे दृक्‌श्राव्य सामग्री जोडण्याच्या त्यांच्या प्रयोगाची जगभर दखल घेतली गेली. पुरस्कारानंतर भीमेच्या दोन्ही तीरांवर 'डिजिटल' या शब्दाचे वजन वाढले आणि ते बालवाडीपर्यंत घसरत आले. परंतु तो प्रयोग प्राथमिक वर्गांचा होता. पुस्तक मुलाच्या हातात होते, ते वाचणारे मूल होते, आणि आधी मूल कुठे अडते हे पाहणारा शिक्षक होता. बालवाडीत यांपैकी फक्त कोड उचलला जातो.

सूचना आणि व्यवहार :

विशेष म्हणजे शासनाच्या कागदावर ही जाण होती. जुलै २०२० मध्ये केंद्रीय मनुष्यबळ विकास मंत्रालयाने 'प्रज्ञाता' मार्गदर्शक सूचना जाहीर केल्या. पूर्वप्राथमिक स्तरासाठी दिवसाला ३० मिनिटांची मर्यादा होती आणि तो वेळ पालकांशी संवाद साधण्यासाठी होता. महाराष्ट्र शासनानेही त्याच महिन्यात याच धर्तीवर वेळापत्रक ठरवले. म्हणजे पडदा मुलासाठी नव्हताच. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये तीन-चार वर्षांच्या मुलांसाठी बसून पडदा पाहण्याची दिवसाची कमाल मर्यादा एक तास सांगितली होती, तीही 'कमी तितकी बरी' या पुस्तीसह. व्यवहारात मात्र व्हॉट्सॲप गटावर चित्रफीत आली की ती सरळ मुलाच्या हातात गेली. पालकांसाठीची सूचना पालकांपर्यंत पोहोचवण्याचे काम कुणाचेच नव्हते.

ते काम अंगणवाडी सेविकेचे, असे म्हणणे सोपे आहे. सेविकेच्या हातातील शासकीय भ्रमणध्वनीची कथा येथे आठवावी लागते. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभरातील सेविकांनी हे भ्रमणध्वनी प्रकल्प कार्यालयांत परत केले. स्मृतिक्षमता अपुरी असल्याने ते बंद पडत होते, आणि 'पोषण ट्रॅकर'मधील माहिती इंग्रजीत भरावी लागत होती. शिक्षणाचे साधन म्हणून ज्याचा गौरव होतो, ते यंत्र सेविकेच्या अनुभवात मुख्यतः वजन-उंची आणि हजेरीची नोंदवही आहे. मे २०२३ मध्ये केंद्राने 'पोषण भी, पढाई भी' हा कार्यक्रम सुरू केला. त्यातील 'पढाई'साठी सेविकेचा वेळ कोठून काढायचा, हा प्रश्न नोंदी भरण्याच्या भारामुळे तसाच आहे.

याच ठिकाणी चित्रफितीचा सर्वांत सार्थ उपयोग आहे. वाडा तालुक्यातील सोनाळे येथून काम करणारी 'क्वेस्ट' ही संस्था 'पालवी' कार्यक्रमाद्वारे अंगणवाडी सेविकांबरोबर काम करते. तेथे भर सेविकेच्या तयारीवर आहे. गोष्ट सांगताना कोठे थांबावे, चित्र दाखवून कोणता प्रश्न विचारावा, बडबडगीताची चाल कशी धरावी, हे पाच मिनिटांच्या चित्रफितीतून सेविका उत्तम शिकू शकते, कारण तिला थांबवून पुन्हा पाहता येते आणि दुसऱ्या दिवशी वर्गात करून बघता येते. मुलांना पडदा दाखवायचाच असेल तर समुद्र, हत्ती, आगगाडी अशा बावड्याच्या शिवारात न दिसणाऱ्या गोष्टींसाठी दोन-तीन मिनिटे दाखवावा, आणि बंद केल्यावर हत्ती होऊन चालावे, मातीची आगगाडी करावी.

कोपीवरील मूल :

आतापर्यंतच्या विवेचनात एक गृहीतक आहे, आणि ते तपासल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. मुलाजवळ मोठे माणूस असते, हे ते गृहीतक. इंदापूर-बारामती हा साखर कारखान्यांचा पट्टा आहे. दिवाळीच्या सुमारास गाळप हंगाम सुरू झाला की बीड, अहिल्यानगर आणि इतर जिल्ह्यांतून ऊसतोड कामगारांच्या टोळ्या येतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. कारखान्याच्या तळावर किंवा गावाबाहेरच्या पडीक रानात पाचटाच्या कोप्या उभ्या राहतात. नवरा-बायकोचा मिळून एक 'कोयता' धरला जातो. ही जोडी पहाटे फडात जाते आणि मोळ्या भरून झाल्याखेरीज परतत नाही. संविधानाच्या २००२ च्या दुरुस्तीने सहा ते चौदा वयासाठी शिक्षण हा मूलभूत हक्क झाला. सहा वर्षांखालील मुलांसाठी मात्र 'राज्य प्रयत्नशील राहील' एवढेच अनुच्छेद ४५ सांगतो. कोपीवरचे चार वर्षांचे मूल या प्रयत्नशीलतेच्या भरवशावर असते. त्याचे नाव मूळ गावच्या अंगणवाडीत असते आणि हंगामाचे सहा महिने ते तेथे नसते.

अशा मुलाच्या हातात कोपीत ठेवलेला भ्रमणध्वनी येतो. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेच्या सूचनेनुसार दोन ते पाच वयाच्या मुलाने पडदा पाहताना जवळ मोठे माणूस असावे. सूचना योग्य आहे, पण ती चार भिंतींच्या घरातली आहे. कोपीत मुलाजवळ असते ती आठ-दहा वर्षांची बहीण. तिचीही शाळा हंगामापुरती सुटलेली असते. ती धाकट्याला अंघोळ घालते, भाकरी करते आणि तो रडला की भ्रमणध्वनी सुरू करून देते. बालशिक्षणाच्या भाषेत बोलायचे तर त्या मुलाची शिक्षिका तीच आहे. वाढ्याच्या तुकड्यांनी कसे मोजावे, पाचटाची बाहुली करताना धाकट्याला काय विचारावे, एखादी गोष्ट कशी सांगावी, हे त्या बहिणीला तिच्याच बोलीत दाखवील अशी चित्रफीत तयार करण्यास फार खर्च येणार नाही. ती चित्रफीत तिला स्वतःच्या सुटलेल्या शाळेचाही एक धागा पुरवू शकेल. हंगामाच्या आरंभी मुकादमाकडे टोळीची यादी असतेच. त्याच यादीवरून गावची सेविका कोपीवरची मुले आणि त्यांच्या बहिणी मोजू शकते.