‘चिनी’ या शब्दाचा घोळ

जुन्या वाड्यांतून निघालेल्या वस्तूंच्या याद्या संग्राहक मित्रांकडून आमच्याकडे अभिप्रायार्थ येत असतात. त्यांत पोथ्यांचें वर्णन बहुधा चोख असतें. पत्रें किती, ओळी किती, लिपि कोणती, शक कोणता, सर्व यथासांग. मात्र तीच यादी फडताळांतील भांड्यांकडे वळली कीं एका शब्दावर भागते. ताट चिनी, बरणी चिनी, कपबशी चिनी! पोथीच्या बाबतींत इतका दक्ष असणारा मनुष्य येथें इतका उदार कां होतो, हें आम्हांस उमगत नाहीं.

दोष दाखवावयाचा तर प्रथम आमचाच दाखवितों. परतूर येथील एका जुन्या घरांतील दोन वस्तु आम्हीं कांहीं वर्षांपूर्वीं टिपून घेतल्या. एक निळ्या वेलबुट्टीचें ताट व दुसरी तपकिरी गळ्याची बरणी. दोहोंपुढें आम्हीं ‘चिनी, प्राचीन’ असें बेधडक लिहिलें. पुढें ताट उलटें करून पाहतों तों तळाशीं रोमन अक्षरांत मास्ट्रिख्ट या हॉलंडांतील गांवाचें नांव! तेथील पेट्रुस रेगू यांच्या कारखान्याचा माल एकोणिसाव्या शतकांत आशिया खंडांत जात असे. ताट चीनचें तर नव्हेच, पोर्सेलिनही नव्हे. याच घरांत एक लहान वाटी होती. तिचा टवका उडालेला असल्यामुळें आम्हीं तिची नोंदच केली नाहीं, आणि आम्हीं टिपली नाहीं म्हणून घरच्यांनीं ती मोडींत दिली. उडालेला तुकडा तेवढा कोनाड्यांत सांपडला. तो दिव्यासमोर धरला असतां उजेड आरपार दिसला, व तुटलेली कड कांचेसारखी लखलखीत होती.

घोळाचें मूळ असें कीं, ‘चिनी’ हा शब्द आमच्याकडे देशवाचकही आहे आणि झिलईवाचकही. दौलताबादच्या किल्ल्यांतील चिनी महाल आपणां सर्वांस परिचित आहे. १६८७ त गोवळकोंडें पडल्यावर कुतुबशाहीचा अखेरचा सुलतान अबुल हसन यास तेथें कैदेंत ठेविलें होतें. त्या इमारतीस हें नांव मिळालें तें तिच्यावरील निळ्या झिलईच्या फरश्यांमुळें. आग्र्याच्या ‘चीनी का रौजा’ची कथाही तीच. तेव्हां जुन्या कागदांत ‘चिनी’ शब्द आढळला, एवढ्यावरून ती वस्तु चीनहून गलबतांतून आली असें ठरविणें धाडसाचें होय.

वस्तुतः जाति ओळखणें फारसें अवघड नाहीं. साध्या मृत्पात्राचें अंग सच्छिद्र राहतें. तळाच्या बिनझिलईच्या कडेस जीभ लाविली तर ती किंचित् चिकटते. सुमारें बाराशें अंश सेंटिग्रेडच्या पुढें योग्य माती भाजली म्हणजे अंग दगडासारखें घट्ट होतें, पाणी पीत नाहीं, परंतु उजेड अडवितें. यास इंग्रज लोक स्टोनवेअर म्हणतात. लोणच्याच्या आपल्या बरण्या या जातीच्या. आंबट पदार्थ पितळेंत कळकतो, म्हणून सोंवळ्याच्या घरांतही बरणीस जागा मिळाली. एरव्हीं मृन्मय पात्र विटाळलें तर पुनः भाजावें, मद्यादिकांचा स्पर्श झाला तर भाजूनही शुद्ध होत नाहीं, असा मनुस्मृतीचा निर्णय! खरें पोर्सेलिन म्हणजे केओलिन नांवाची पांढरी माती व फेल्डस्पारयुक्त दगडाची पूड यांचें मिश्रण तेराशें अंशांच्या आसपास किंवा त्याहून अधिक तापवून अंगच कांचमय केलेलें. चीनची ही विद्या युरोपास अठराव्या शतकाच्या आरंभीं साधली व मायसेन येथें १७१० त कारखाना निघाला. इंग्रजांच्या ‘बोन चायना’ंत तर गुरांच्या हाडांची राख असते. ही गोष्ट आमच्या आजीस कळती तर घरांत एकही कपबशी उरती ना.

तळाच्या शिक्क्यावर मात्र डोळे मिटून विसंबूं नये. चीनच्या कांगशी बादशहाच्या अमदानींत (१६६२–१७२२) कुंभार आपल्या भांड्यांवर चेंगह्वा बादशहाचें (१४६५–१४८७) नांव घालीत. यांत फसवणुकीपेक्षां पूर्वजांविषयींचा आदर पुष्कळदां असे. पोथ्या चाळणाऱ्यांस हें नवल वाटूं नये. लेखक मातृकेंतील शक पुष्पिकेसह जसाच्या तसा उतरून ठेवितो, आणि दोनशें वर्षांनंतरची प्रत आपण जुनी समजून बसतों. तेथें आपण कागद, शाई व वळण पाहतों. येथें तळ, तुटकी कड व झिलई पाहावी. ‘इंग्लंड’ असा शब्द असेल तर माल बहुधा १८९१ नंतरचा, कारण परदेशी मालावर देशाचें नांव असावें असा अमेरिकेचा १८९० चा कायदा तेव्हां अमलांत आला. शब्द नाहीं म्हणून भांडें त्यापूर्वींचें, असें मात्र उलटें अनुमान काढतां येत नाहीं.

आमच्या परतूरच्या यादींतील नोंदी आम्हीं येणेंप्रमाणें दुरुस्त केल्या आहेत: ताट, मृत्पात्र, छापील नक्षी, मास्ट्रिख्ट, एकोणिसावें शतक. बरणी, स्टोनवेअर, देश अनिश्चित. वाटी, पोर्सेलिन, तुकडा एक, शेष मोडींत गेली.