खटला नोटांवर, शिक्षा माणसाला

अमेरिकेतल्या एका खटल्याचं नाव ऐका: ‘अमेरिका विरुद्ध १,२४,७०० डॉलर’. आरोपी कोण, तर नोटा! नेब्रास्कात भाड्याच्या गाडीत पोलिसांना ही रोकड सापडली. अमली पदार्थ सापडले नाहीत. तरीही २००६ साली अपील न्यायालयानं ती सरकारजमा करण्याच्या बाजूनं कौल दिला.

याला म्हणतात दिवाणी जप्ती. फौजदारी खटल्यात गुन्हा संशयापलीकडे सिद्ध करावा लागतो, गरीब आरोपीला सरकार वकील देतं. इथे आरोपी वस्तू आहे, मग संरक्षण कुणाला देणार? १९९६ च्या ‘बेनिस विरुद्ध मिशिगन’ खटल्यात गुन्हा नवऱ्याचा होता, पण दोघांच्या मालकीच्या गाडीतला बायकोचा हिस्साही गेला. सर्वोच्च न्यायालयानं पाच विरुद्ध चार मतांनी ते योग्य ठरवलं. २००० साली केंद्रीय कायद्यानं निर्दोष मालकाला बचाव दिला खरा. पण निर्दोषपणा सिद्ध करायचा मालकानंच.

समर्थक म्हणतात, पैसा तोडल्याशिवाय तस्करांच्या टोळ्या मोडत नाहीत. आम्हाला हे मान्य आहे. पण मग आधी गुन्हा सिद्ध करा ना! तेवढं थांबायची तयारी का नाही? आमच्या मते खरी मेख पैशात आहे. १९८४ च्या कायद्यानं जप्तीचा पैसा तपास यंत्रणांच्याच कामी येऊ लागला. केंद्राबरोबरच्या वाटणीत स्थानिक पोलिसांना ८० टक्क्यांपर्यंत वाटा मिळू शकतो. म्हणजे जप्ती ज्यानं करायची, त्याचीच तिजोरी भरायची.

न्यायालयं हे सुधारतील का? २०१९ च्या ‘टिम्ब्ज विरुद्ध इंडियाना’ खटल्यात कमाल दंड दहा हजार डॉलर, आणि जप्त गाडी सुमारे ४२ हजारांची! अवाजवी दंडाची घटनात्मक मनाई राज्यांनाही लागू आहे, असं न्यायाधीशांनी एकमतानं सांगितलं. पण त्यानं फक्त रकमेला लगाम बसतो. २०२४ मध्ये तर त्याच न्यायालयानं म्हटलं, की अडकलेल्या गाडीच्या मालकाला वेगळी प्राथमिक सुनावणी देणं घटनेनुसार बंधनकारक नाही.

म्हणून वाट कायदेमंडळातूनच जाते. न्यू मेक्सिकोनं २०१५ साली ती दाखवली: आधी दोषसिद्धी, मग जप्ती; आणि पैसा पोलिसांकडे नाही, राज्याच्या सर्वसाधारण तिजोरीत. यातली एकच अट घातली तर दुसऱ्या दारानं जुनाच धंदा सुरू राहील. सुधारणा मोजायची ती या दोन्ही अटींवर.