रेघ आणि काठ

‘सौंदर्यीकरण’ या शब्दाला विरोध करणं फार अवघड आहे. सुंदर कुणाला नको असतं? चौकाचं सौंदर्यीकरण होतं, नाल्याचं होतं, तलावाचं तर हमखास होतं. पण या शब्दाच्या पोटात एक निकाल दडलेला आहे: ती जागा आधी सुंदर नव्हती. एखादं पुस्तक वाईट आहे असं म्हणायचं तर निदान ते वाचावं लागतं. तलावाच्या बाबतीत ही अट कुणी पाळत नाही. म्हणून ही एक समीक्षाच समजा. वाचायचे आहेत अमरावतीचे वडाळी आणि छत्री तलाव, जाता जाता अकोल्याजवळचा कापशी तलाव, आणि तलाव दिसला की कागदावर उमटणारा तो ठरलेला साचा: सिमेंटची भिंत, गट्टूंचा रस्ता, ओपन जिम, रंगीत दिवे, कारंजं आणि शहराच्या नावाची मोठी चकचकीत अक्षरं.

आधी थोडा इतिहास. वडाळी आणि छत्री हे इंग्रजांच्या काळात शहराला पाणी पाजण्यासाठी बांधलेले तलाव आहेत. आज अमरावतीची तहान सिंभोऱ्याच्या अप्पर वर्धा धरणावर भागते आणि अकोल्याची महानच्या काटेपूर्णा प्रकल्पावर. थोडक्यात, हे जुने तलाव सेवानिवृत्त झाले. शहराचं त्यांच्याकडचं लक्ष कमी झालं, तशी गाळाची जागा पाणकणसानं घेतली, उथळ पाण्यात वनस्पती वाढल्या आणि पक्ष्यांना घर मिळालं. अमरावतीच्या तलावांमागे तर पोहरा-मालखेडचं जंगल आहे. या शहरात विद्यापीठाच्या आवारात बिबट्या दिसतो आणि दुसऱ्या दिवशी तासही भरतात. इथं शहर कुठं संपतं आणि रान कुठं सुरू होतं, याची रेघ कधीच नीट आखली गेलेली नाही.

आता काठ वाचू. वऱ्हाडात गुडघ्याला टोंगळा म्हणतात. तलावाची खरी गोष्ट या टोंगळ्याएवढ्या पाण्यात घडते. टिबुकली पाण्यात बुडी मारते. पण शेकाट्याचं सगळं आयुष्य त्याच्या लांब लाल पायांच्या उंचीवर बेतलेलं असतं. पाणी त्याहून खोल झालं की त्याची चरण्याची जागा गेली. कमळपक्षी पाण्यावर पसरलेल्या पानांवरून चालतो. पाणकोंबडी पाणकणसात लपते. टिटवी तर काठापासून थोडं दूर, उघड्या खडकाळ जमिनीवर अंडी घालते. प्रत्येकाची पाण्याची खोली वेगळी आणि म्हणून प्रत्येकाचं घर वेगळं. उतरता, चिखलाचा, थोडा ओबडधोबड काठ ही एवढी सगळी घरं एकावर एक मांडलेली चाळ आहे.

साच्यातली भिंत ही चाळ एका झटक्यात पाडते. पाणी थेट भिंतीला भिडतं, म्हणजे एकदम खोल. टोंगळ्याएवढं पाणी उरतच नाही. फोटोत तलाव भरलेला, स्वच्छ, निळा दिसतो. बेडकाला भिंत चढता येत नाही, हे फोटोत दिसत नाही. त्यावर रात्रभर जळणारे दिवे आले की किडे दिव्यांभोवती गोळा होतात आणि अंधारावर जगणाऱ्यांचा दिवस बिघडतो.

इथं एक आक्षेप येतो, आणि तो खरा आहे. पक्षी जगावेत, पण पोरांनी धावायचं कुठं? वऱ्हाडात पहाटे कुठल्याही महामार्गावर जा. पोलीस भरतीची तयारी करणारी मुलं-मुली ट्रकच्या शेजारून धावताना दिसतात. मुलांची चाचणी १६०० मीटरची, मुलींची ८०० मीटरची, आणि सरावाला डांबरी रस्त्याची कड. त्यांच्यापुढे कमळपक्ष्याची कळकळ मांडणं म्हणजे उपाशी माणसाला ताटाची नक्षी दाखवणं. शहराला मैदान हवंच, आणि ते फुकट हवं, रोज उघडं हवं.

पण मैदानाला नेमकं काय लागतं? याचं उत्तर अमरावतीनं फार आधी दिलेलं आहे. १९१४ मध्ये वैद्य बंधूंनी इथं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ सुरू केलं. १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी या मंडळाच्या चमूनं तिथं भारतीय खेळांची प्रात्यक्षिकं केली, त्यात कबड्डीही होती. त्या परंपरेचं सामान बघा: आखाड्याची माती, लाकडाचा मल्लखांब, जमिनीवर आखलेल्या रेघा. खेळाला सपाट जमीन लागते, रेघ लागते, शिकवणारा लागतो. कारंजं लागत नाही. एलईडीची कमान तर नाहीच.

म्हणजे मैदान आणि तलाव यांचं मुळात भांडण नाही. मैदानाला रेघ हवी आणि तलावाला काठ हवा, एवढाच फरक आहे. साचा मात्र काठाचीच रेघ करून टाकतो, आणि खरं मैदान द्यायचं विसरतो. पाण्याभोवती गोल फिरणारा गट्टूंचा रस्ता हा धावपट्टीही नसतो. त्यावर सोळाशे मीटरचा सराव करणाऱ्याच्या घोट्यांना विचारा.

लंडनमध्ये बार्न एल्म्स नावाच्या जागी पिण्याच्या पाण्याचे चार जुने जलाशय निकामी झाले होते. तिथं मुद्दाम उथळ पाणी आणि गवताळ काठ तयार करून २००० साली पाणथळ केंद्र उघडण्यात आलं. त्याच्या शेजारीच खेळाची मैदानं आहेत. तिथं पक्षी आणि खेळाडू एकमेकांचे शेजारी आहेत, एकमेकांच्या घरात घुसलेले नाहीत.

आपल्याकडे मात्र कायदाच हात वर करतो. केंद्र सरकारच्या २०१७ च्या पाणथळ नियमांतली व्याख्या पिण्याच्या पाण्यासाठी खास बांधलेले तलाव वगळते. ज्या कामासाठी तलाव बांधला ते काम संपलं, तिथं रान उगवलं, तरी कागदावर तो जुन्या नोकरीतच अडकलेला. त्यामुळे अशा तलावाचा काठ वाचवायचा तर नियमाच्या भरवशावर राहता येत नाही. नागरिकांनी तो वाचला पाहिजे, दोन्ही अर्थांनी.

त्यासाठी फार मोठं आंदोलन लागत नाही. पुढच्या वेळी तुमच्या शहरातल्या तलावाचा आराखडा जाहीर झाला, मोबाइलवर त्याचं रंगीत चित्र आलं, की ते पुढं पाठवण्याआधी मोठं करून बघा आणि तीन प्रश्न विचारा. धावपट्टी आणि मैदान पाण्यापासून वेगळ्या, सपाट जागेवर आहे का? जंगलाकडची बाजू अंधारी आणि चिखलाची ठेवली आहे का? आणि सगळ्यांत महत्त्वाचं: या चित्रात टोंगळ्याएवढं पाणी कुठं आहे? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं नाही, तर ते चित्र कितीही देखणं असो, तलावाचं नाही. ते एका मोठ्या हौदाचं चित्र आहे.