जंजिरा : ‘अजिंक्य’ या शब्दाची झाडाझडती

मागच्या व्याख्यानानंतर एका तरुण श्रोत्यानं मला जिन्यात गाठून विचारलं, “सर, जंजिरा शेवटपर्यंत अजिंक्य का राहिला?” मी म्हटलं, पुढच्या वेळी सांगतो. उत्तर नीट ठाऊक नसलं की आम्ही प्राध्यापक असंच म्हणतो. पण प्रश्न डोक्यातून जाईना. आणि विचार करता करता असं वाटू लागलं की उत्तर शोधण्याआधी प्रश्नच जरा तपासून घ्यावा.

‘अजिंक्य’ हा शब्द बघा. शाळेच्या पुस्तकापासून सहलीच्या माहितीपत्रकापर्यंत जंजिऱ्याला हेच एक विशेषण चिकटलेलं आहे. तर्काच्या दृष्टीनं हे नकारात्मक विशेषण आहे. बाहेरून आलेल्यांना काय जमलं नाही, एवढंच ते सांगतं. आत कोण राहत होतं, काय खात होतं, कुणाच्या पैशावर राहत होतं, यातलं काहीच त्यातून कळत नाही. मुळात ‘जंजिरा’ म्हणजे तरी काय? अरबी ‘जझीरा’, म्हणजे बेट. नाव बेटाचं, आणि आपण बोलतो फक्त तटाबद्दल.

आपले जुने लेखक घ्या. सभासदानं राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून बखर लिहिली. तो सिद्दीला घरातल्या उंदराची उपमा देतो. उपमा अचूक आहे, पण ती घरमालकाची आहे. उंदराच्या बिळात काय चाललंय, हे त्याला सांगायचंच नाही. दुसरीकडे खाफीखान. १६७१ मध्ये सिद्द्यांनी दंडा-राजपुरी घेतली तेव्हा दारूच्या कोठाराचा स्फोट झाला, आणि दूर असलेले शिवाजी महाराज झोपेतून दचकून उठले, दंड्यावर काहीतरी संकट आलं म्हणाले, असा किस्सा तो सांगतो. किस्सा सुंदर आहे. पण हा मोगल पक्षाचा माणूस, आणि लिहितोय कितीतरी वर्षांनी. दोघांचीही नजर शिवाजी महाराजांवर खिळलेली आहे. बेट दोघांनाही किनाऱ्यावरून दिसतं.

आणि मग ती सुरुवातीची गोष्ट. राम पाटील कोळ्याचा मेढेकोट, व्यापाऱ्याच्या वेषात आलेला पिरमखान, कुणी म्हणतं दारूची पिंपं, कुणी म्हणतं पेट्या, आणि त्यातून निघालेले सैनिक. ग्रीकांचा लाकडी घोडाच हा, फक्त समुद्रमार्गे आलेला! असं घडलंच नसेल, असं मी म्हणत नाही. पण ही गोष्ट फार सोयीची आहे. ती सांगितली की हबशी कपटानं आले आणि भिंतीमुळे टिकले, असा दोन ओळींत इतिहास संपतो. मधली सव्वाचारशे-साडेचारशे वर्षं बिनमाणसांची राहतात.

माणसं होती, हो! हबसाण नावाचा मुलूख होता. आफ्रिकेतून आलेले, त्यातले कितीतरी गुलाम म्हणून विकले गेलेले लोक इथे सरदार झाले, आरमाराचे प्रमुख झाले. सुरुवातीच्या काळात जंजिऱ्याची वजिरी बापाकडून मुलाकडे जात नसे, सरदारांमधला कर्तबगार माणूस पुढे येई. त्या काळच्या हिंदुस्थानात ही काही साधी गोष्ट नाही. आणि कारभारी कोण? आपलीच मंडळी. श्रीवर्धनची देशमुखी भटांकडे होती, म्हणजे ज्या घरानं पुढे आपल्या पुण्याला पेशवाई दिली, त्या घराचं मूळ हबसाणात. बाळाजी आवजी चिटणीसांचे वडील जंजिऱ्याच्या नोकरीत होते. सिद्दीनं त्यांना मारलं आणि बायको-मुलांना विकायला काढलं, असं चिटणीस घराण्याची परंपरा सांगते. तेव्हा सिद्दी जुलमी नव्हते, असं मला मुळीच सुचवायचं नाही. १७२७ साली सिद्दी सातानं चिपळूणजवळचं परशुरामाचं देऊळ फोडलं, हेही खरंच आहे. मी एवढंच म्हणतोय की आत एक समाज होता, त्यात जुलूम होता, नोकऱ्या होत्या, हिशेबाच्या वह्या होत्या. तो आपल्या इतिहासात कुठे दिसतो का, ते सांगा.

आता ‘अजिंक्य’कडे परत येऊ. १६७१ च्या सुमारास किल्लेदार फत्तेखान किल्ला महाराजांच्या हवाली करायला तयार झाला होता. भिंत होती तेवढीच उंच होती, तोफा होत्या तिथेच होत्या. संबूळ, कासीम आणि खैरियत या तीन सिद्द्यांनी त्याला कैद केलं आणि आदिलशाही सोडून मोगलांशी सूत जुळवलं. म्हणजे बघा, जंजिऱ्याचं भवितव्य त्या दिवशी आतल्या माणसांच्या भांडणात ठरलं. पुढे सुरतेच्या महसुलातून पैसा येऊ लागला. पावसाळ्यात सिद्दीचं आरमार मुंबईच्या बंदरात तळ देई, आणि इंग्रजांना नाइलाजानं ते खपवून घ्यावं लागे. मोरोपंतांच्या स्वारीत शिड्या लावायचं धाडस करणारा लाय पाटील कोळी होता. संभाजी महाराजांनी १६८२ मध्ये खाडी बुजवून वाट करायला घेतली, पण मोगल फौज कोकणात उतरल्यामुळे त्यांना फिरावं लागलं. तटाइतकंच सुरतेनं, मुंबईनं आणि औरंगजेबानंही जंजिरा राखला.

उलट बाजूही पाहा. १७३३ साली बाजीरावांची मोहीम झाली, रायगड परत मिळाला, १७३६ मध्ये चिमाजीअप्पांनी सिद्दी साताला मारलं. बराचसा मुलूख गेला, दरारा गेला. बेट मात्र पडलं नाही. मग याला जय म्हणायचं की पराजय? किल्ला अजिंक्य आणि राज्य हरलेलं, ही दोन्ही विधानं एकाच वेळी खरी आहेत. आपण पहिलंच पाठ केलं, कारण ते दगडावर हात ठेवून दाखवता येतं.

मागे एकदा शिडाच्या होडीतून मी तिथे गेलो होतो. गाइडनं कलालबांगडी दाखवली, एकोणीस बुरूज मोजून दाखवले. मी विचारलं, लोक राहायचे कुठे? त्यानं झाडीत बुडालेल्या पडक्या भिंतींकडे हात केला आणि म्हणाला, “तिकडं काय नाही बघण्यासारखं.” तिकडे गोड्या पाण्याचं मोठं तळं आहे, मशीद आहे, सुरूलखानाचा वाडा म्हणून दाखवतात तो उभा अवशेष आहे. स्वातंत्र्यानंतरही काही काळ तिथे कुटुंबं नांदत होती. १९४८ साली संस्थान विलीन झालं. पुढे ही कुटुंबंही मुरुडच्या बाजूला आली. त्यांच्या घरी काय सांगत असतील जंजिऱ्याबद्दल? मराठीत कुणी ते नीट बसून लिहून घेतलेलं माझ्या तरी वाचनात नाही, आणि हा दोष त्या गाइडचा नव्हे, आम्हा लिहिणाऱ्यांचा आहे.

तो जिन्यातला तरुण आज आला असेल, तर चहाच्या वेळी भेटावं. त्याचं गाव मुरुडकडचं आहे असं तो म्हणाला होता, आणि त्याच्या आजीला मला काही विचारायचं आहे.